अंदमानच्या पुळणी पाहाव्यात, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी

अंदमान म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभा राहतो तो सेल्युलर जेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी, तो कोलू आणि काळे पाणी. मराठी माणसाने एकदा तरी तिथे जाऊन माथा टेकावा हे खरेच. परंतु अलीकडे आपल्या भागातून बरीच मंडळी तिकडे जाऊ लागली आहेत. काही नोकरदार रजा प्रवास सवलतीवर जातात, तर काही बागायतदार आंबा-काजूचा हंगाम बरा गेला म्हणून कुटुंबाला घेऊन जातात. जाण्याआधी विचारतात, “साहेब, जेल तर बघूच, पण तिथल्या पुळणी कुठल्या बघायच्या?” आणि लगेच घरातले एखादे म्हातारे माणूस म्हणते, “दारात दर्या असताना पुळण बघायला एवढ्या लांब कशापायी?”

शेतकरी बंधूंनो, प्रश्न दोन्ही रास्त आहेत. आधी पहिल्याचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

पोर्ट ब्लेअर हे दक्षिण अंदमान बेटावरचे मुख्य शहर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नाव ‘श्री विजयपुरम’ असे ठेवल्याचे जाहीर केले, पण बोलताना लोकांच्या तोंडी जुनेच नाव अजून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा जाण्याचा काळ. आपल्यासारखा नैऋत्य मोसमी पाऊस तिथे असतोच, शिवाय परतीचा पाऊसही बरसतो. वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेटे पूर्वेला खूप लांब असली तरी घड्याळ आपलेच चालते. त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. आपल्या सवयीने चार वाजता चहा घेऊन किनाऱ्यावर निघालात तर अंधारच पाहून यावे लागेल.

शहरापासून सहा-सात किलोमीटरवर कॉर्बिन्स कोव्हची पुळण आहे. माडांची रांग, छोटासा अर्धगोल किनारा. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात बेटे जपान्यांच्या ताब्यात होती, त्या वेळचे त्यांचे काँक्रीटचे बंकर इथे अजून दिसतात. शहरासमोर खाडीपलीकडे नॉर्थ बे आहे. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागे जे माड आणि दीपगृह छापलेले होते, ते तिथलेच. दक्षिणेला साधारण पंचवीस किलोमीटरवर चिडिया टापू आणि तिथली मुंडा पहाडची पुळण. सूर्यास्तासाठी लोक तिथे जातात.

पश्चिमेला वंडूर आहे. तिथे १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तिथून होडीने जॉली बॉय नावाच्या बेटावर जाता येते, ते प्रवाळ पाहण्यासाठी. हे बेट वर्षभर उघडे नसते. काही महिने जॉली बॉय आणि बाकीचे महिने रेड स्किन, अशी पाळी लावलेली आहे. आपण कुरण जसे आलटून पालटून चराईला बंद ठेवतो, तसाच हा प्रकार. बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली न्यायची तर अनामत भरायची आणि परत येताना बाटली दाखवून पैसे घ्यायचे. दंडाची भाषा न करता, कटकट न करता काम होते.

मग बोटीने दीड-दोन तासांवर हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप. डिसेंबर २०१८ मध्ये हे नाव दिले गेले. त्याच वेळी नील बेटाचे शहीद द्वीप झाले. हॅवलॉकची राधानगर ही पुळण २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातली उत्तम पुळण म्हणून निवडली. २०२० साली भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यात राधानगर होते. वाळू पांढरी, पिठासारखी बारीक. ही वाळू आपल्यासारखी डोंगरातून वाहून आलेली नाही. बराचसा भाग प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. प्रवाळ मेले तर ही वाळू तयार होणेही थांबेल, हे तिथले वाटाडेसुद्धा सांगतात.

आता शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे म्हणजे काय, ते सांगतो. राधानगरला गेलात की समुद्राकडे पाठ करून क्षणभर उभे राहा. मागे उंचच उंच समुद्री महुव्याची झाडे दिसतील. हॉटेले आहेत, नाहीत असे नाही, पण ती झाडांच्या मागे आहेत. वाळूत भिंत नाही, झाडांना धक्का नाही. पुळण सुंदर का राहिली याचे निम्मे उत्तर त्या झाडांत आहे. वाळू धरून ठेवायला मुळे लागतात. आपल्याकडे हेच काम मर्यादवेल, केवडा, उंडी आणि मागे लावलेले सुरू करतात. मर्यादवेल हे नाव आपल्या वाडवडिलांनी उगीच दिलेले नाही. समुद्राची मर्यादा तिथपर्यंत, असा त्याचा अर्थ. आज आपण काय करतो? खोली बांधायची म्हणून आधी वेल खरवडतो, मग केवडा तोडतो, आणि दोन पावसाळ्यांनी उधाण अंगणात आले की पंचायतीकडे बंधाऱ्यासाठी अर्ज करतो. बरोबर आहे का नाही?

वंडूरला जाताना वाटेत सिप्पीघाट लागते. पर्यटकांची गाडी तिथे थांबत नाही. तुम्ही थांबायला सांगा. रस्त्याच्या बाजूला पाणी पसरलेले दिसेल, बगळे असतील, तिवरे उगवलेली असतील. तिथे भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, त्सुनामीचे पाणी आत शिरले आणि सखल भागातून ते परत गेलेच नाही. रोजच्या भरतीचे पाणी शेतात येऊ लागले. जमीन खचली त्याला कुणाचा इलाज नव्हता आणि झाडे असती तरी ती वाचली नसती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण खारे पाणी एकदा आत शिरले की शेतकऱ्याचे काय होते, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. ज्याच्या खाजणाचा बांध फुटलेला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

तिथल्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेने, जी पोर्ट ब्लेअरजवळ गाराचर्मा येथे १९७८ पासून आहे, सखल खारवट जमिनीसाठी रुंद वरंबा आणि रुंद सरी अशी पद्धत शेतकऱ्यांना दिली. सरीतली माती काढून वरंबा उंच करायचा. पावसाच्या पाण्याने वरंब्यातले मीठ धुऊन जाते, त्यावर भाजीपाला घ्यायचा. सरीत पाणी साठते, त्यात मासे सोडायचे. मात्र जिथे रोज भरती येते तिथे हा उपाय चालत नाही, आधी बांध आणि उघाडी ठीक पाहिजे. आपल्या खाडीकाठच्या पडीक खाजणांत ज्यांचा बांध शाबूत आहे, त्यांनी एखाद्या कोपऱ्यात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

हॅवलॉक आणि नील इथले बहुतेक गावकरी फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले. सरकारने जमीन दिली, त्यांनी जंगल साफ करून भात, सुपारी, नारळ केले. नील बेट तर पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवणारे बेट म्हणून ओळखले जाते. तिथल्या भरतपूर आणि लक्ष्मणपूरच्या पुळणींकडे जाणाऱ्या वाटा भाजीच्या मळ्यांतून जातात. किनाऱ्याजवळ एका शहाळेवाल्याशी बोलणे झाले. तो म्हणाला, “ज्यांनी जमीन भाड्यानं दिली त्यांच्याकडे भाडंही येतं आणि जमीनही आहे. ज्यांनी आपणच दोन खोल्या काढल्या, त्यांचं त्याहून बरं आहे. ज्यांनी हातची घालवली, ते आता दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासतात.” बंधूंनो, हे वाक्य आपल्याच एखाद्या वाडीतले वाटले की नाही?

इथेच खरी गोम आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. रायगड-रत्नागिरीचे किनारेही आता गजबजले आहेत. सातबाऱ्यावर बारा सामाईक नावे, त्यातली आठ मुंबईला. एजंट मुंबईतच जाऊन सह्या घेतो, आणि गावातल्या चौघांना कळते तेव्हा कुंपणाचे खांब पडलेले असतात. पाठोपाठ समुद्राकडे जाणारी पाणंद बंद होते. मग रापण ओढणारे कुठून जाणार? जो माणूस काल आगराचा मालक होता, तो आज त्याच आगराच्या फाटकावर रखवालदार. पैसे आले ते घर, गाडी आणि लग्नात गेले. माड विकला तर माड लावता येतो, किनाऱ्याची जमीन पुन्हा लावता येत नाही.

तिथे सगळे आलबेल आहे असेही समजू नका. उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला पाण्याची टंचाई होते. पर्यटक वाढले तसा कचरा वाढला. बांधकामासाठी किनाऱ्यावरची वाळू इतकी उपसली गेली की २००२ साली सर्वोच्च न्यायालयाला हा उपसा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश द्यावा लागला. ज्यांनी आधी चूक केली त्यांच्याकडून आपण ती न करायला शिकावे.

जिवाच्या काळजीचेही सांगतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरजवळ पाण्यात उतरलेल्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला. म्हणून फलक लावलेला असेल तिथे पाण्यात उतरू नका. वाटाड्या नको म्हणाला तर वाद घालू नका. आपल्याकडे मगरीची भीती नसली तरी परतीच्या पाण्याची ओढ दरवर्षी जीव घेते. घाटावरून आलेल्या पोरांना समुद्र माहीत नसतो. ओढीत सापडलेल्याने सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे आणि मग वळावे. हे चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वाटेवर लावायला पंचायतीला असा कितीसा खर्च येणार? गावातल्या रापणीवरच्या दोन पोरांना हंगामात जीवरक्षक नेमले तर त्यांना रोजगारही मिळेल.

आता सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये आली, २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. आपल्या गावाचा नकाशा त्यात कसा आहे, भरतीरेषा कुठून जाते, हे पंचायतीत लावलेले असावे. बाहेरचा माणूस ते पाहून येतो, आपल्यालाच माहीत नसते. समुद्राकडे जाणाऱ्या सगळ्या पाणंदी आणि पाखाड्या यांची यादी करून ग्रामसभेत ठराव घ्या आणि तलाठ्याकडून नोंदी तपासून घ्या. मर्यादवेल-केवड्याच्या पट्ट्याला हात लावू नये, वाळू उचलू नये, असा ठराव त्याच बैठकीत होऊ द्या. गाडी लावण्याचा आणि कचऱ्याचा कर ठरवा आणि त्याचा हिशेब फलकावर लिहा. १५ ऑगस्टची ग्रामसभा यासाठी चांगली.

आणि बागायतदारांना इतकेच. जमीन विकायची वेळ आली तर एक वर्ष थांबा. न्याहारी व निवास योजना आहे, २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरण आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. आगरातच दोन खोल्या, घरचे जेवण, शहाळे, कोकम सरबत. पाहुण्याला यापेक्षा जास्त काही नको असते. जमत नसेल तर मुदतीच्या भाडेकरारावर द्या, पण करार वकिलाकडून वाचून घ्या. सामाईक असेल तर मुंबईकर भाऊबंदांना गणपतीत गावी येतील तेव्हा एकत्र बसवा. भांडण नको, चर्चा करा.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगा की आम्ही पुळण बघायला लांब जातो, ती आपली पुळण कशी राखायची हे कळावे म्हणून. अंदमानला जरूर जा. कोठडीपुढे हात जोडा, राधानगरच्या वाळूत पोरांना खेळू द्या, सिप्पीघाटला गाडी थांबवा. परत आल्यावर चार दिवसांत आपल्या वाडीच्या किनाऱ्यावर एक फेरी मारा आणि तिथे काय उरले आहे, काय गेले आहे, ते मोजा. मग ग्रामसभेत उठून बोला. विचार व्हावा, ही विनंती.