वीण कच्छात, पोट बेलापुरात

नवी मुंबईतल्या बेलापुरात पाणथळींचा विषय निघाला की एक मुद्दा ठेवणीतला असतो: रोहित (फ्लेमिंगो) पक्षी इथे अंडी घालत नाहीत, हिवाळ्यात येतात नि पावसाच्या तोंडावर जातात, पाहुण्यांसाठी एवढी मोक्याची जागा कशाला अडवायची?

यातले पहिले विधान खरे आहे. लहान रोहिताची वीण कच्छच्या रणात होते. रणातली त्याची चिखलाची घरटी सलीम अलींनी नोंदवली. पण घरट्यात अंडे एकच, आणि रणात पाणी नीट साचले नाही तर त्या वर्षी वीणच बुडते. असा पक्षी टिकायचा तर एरवी त्याचे पोट भरायला हवे, आणि ते ठाण्याच्या खाडीत भरते. पूर्व आफ्रिकेतला लहान रोहित अंडी घालतो टांझानियाच्या नॅट्रॉन सरोवरात. तरीही २०११ साली जागतिक वारशात गेली ती केनियातली बोगोरिया, नाकुरू, एलमेंटाइटा ही सरोवरे, जिथे तो चरतो. घरटे आमच्याकडे नाही, असे केनियाने म्हटले नाही.

दुसरा आक्षेप जरा अभ्यासू वाटतो. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा. मग नेरूळचा डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ हवीच कशाला? हे विचारणाऱ्याने एकदा भरतीचे वेळापत्रक पाहावे. रोहित चरतो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर. भरती चढली की तो चिखल बुडतो आणि थव्यांना उथळ पाण्यात उभे राहायला दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजेच या पाणथळी. ताट राखून पाट काढून घेणे याला संरक्षण म्हणत नाहीत.

नवी मुंबई विमानतळाजवळ पक्षी विमानांना धडकतील, ही भीती मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून अधिक रोहित मेले. पण तलाव बुजवला म्हणून भरती थांबत नाही. थवे उठणारच, आणि नेहमीचा विसावा गेला की दुसरीकडचे उथळ पाणी शोधणार. ते धावपट्टीच्या बाजूलाही असू शकते. या पाणथळी राखा, असे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) सांगितले ते याच कारणाने.

राहिला भूमिपुत्रांचा कैवार. शहर वसवताना सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी पिढ्या थांबल्या, हे दुःख खरेच. पण चाणक्यच्या पाणथळीवर येऊ घातले होते गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठीची परवानगी रद्द केली. गोल्फ खेळायला दिवाळे गावचे कोळी जाणार होते का?

नवी मुंबई महापालिकेने ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून भिंती रंगवल्या, चौकाचौकांत पुतळे उभे केले. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र डीपीएस तलाव कोरडा पडला आणि तिथे खरे पक्षी मेले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. चांगले झाले. पण तलावाचा जीव भरतीच्या पाण्यावर आहे, आणि ते अडले नेरूळ जेट्टीच्या रस्त्याने. तेव्हा सीमारेषेचे फलक लावण्याआधी सिडकोने त्या रस्त्याखालून पाण्याला पुरेशी वाट करून द्यावी, आणि ती गाळाने बुजणार नाही ही जबाबदारी कोणाची, हेही लेखी ठरवावे.