शेवटच्या ओळीला फाशी

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. घरातली संगणकवाली मंडळी रागावतील. रागावू देत.

विषय तांत्रिक वाटेल, पण खरा आहे तो आपल्या शिकवण्याचा. प्रोग्राम चालता चालता कोसळला की डीबगर नावाचे साधन 'कॉल स्टॅक' उलगडून दाखवते. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, कोण कुठे अर्धवट थांबून राहिले आहे, याची ती यादी. माझे म्हणणे एवढेच की ही यादी वाचायला आपण मुलांना शिकवत नाही. त्यामुळे चूक जिथे दिसली तिथेच ती झाली, असे समजणारी मुले पदव्या घेऊन बाहेर पडतात. शेवटी जो हाती लागला तो चोर!

"काकू, तुम्ही बी. ए., तेही मराठी माध्यमातून. तुम्हाला यातले काय कळते?" असे पुतण्या म्हणणारच. अरे बाबा, निवृत्तीनंतर हौसेने शिकले. आमच्या साताऱ्यात संध्याकाळी शेजारची दोन-तीन अभियांत्रिकीची मुले जर्नल घेऊन माझ्याकडे येऊन बसतात. मी त्यांचे मराठी सुधारते, ती मला संगणक समजावतात. समजावताना कुठे अडखळतात ते मास्तरणीला बरोबर कळते.

उदाहरण शाळेतलेच घेऊ. निकाल लावायचा प्रोग्राम आहे. मुख्य फंक्शनने 'वर्गनिकाल'ला बोलावले, त्याने प्रत्येक मुलासाठी 'सरासरी'ला, आणि तिने शेवटी 'भागाकार'ला. तेविसाव्या मुलापाशी प्रोग्राम कोसळला, कारण शून्याने भागले गेले. आता मुले काय करतात? भागाकाराच्या ओळीपाशी जातात आणि लिहितात, 'भाजक शून्य असेल तर उत्तर शून्य द्या.' झाले! प्रोग्राम चालला, सबमिशन झाले, सही मिळाली.

पण त्या तेविसाव्या मुलाचे काय? तो समजा सहामाहीनंतर दुसऱ्या गावाहून आला. त्याचे विषय यादीत भरलेच नव्हते, म्हणून विषयांची संख्या शून्य. आता त्याच्या प्रगतिपुस्तकावर सरासरी शून्य छापून येणार. म्हणजे पोरगा नापास! भागाकाराने तर इमानाने बोंब मारली होती, आपण त्याचेच तोंड बांधले.

डीबगरने उलगडलेली यादी वाचली असती तर हे घडले नसते. ते कसे, ते सांगते.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा आपले काम अर्धवट टाकून जाते. परत आल्यावर कुठून सुरू करायचे, तो पत्ता स्टॅकवर ठेवते. यालाच रिटर्न अ‍ॅड्रेस म्हणतात. बोलावलेले फंक्शन त्यावर आपली चळत रचते. आधीच्याची चळत कुठे होती त्याची खूण, स्वतःची आकडेमोड, स्वतःचे कच्चे काम. ही एकेकाची चळत म्हणजे एकेक स्टॅक फ्रेम. चौघे एकमेकांना बोलावून थांबले असतील तर चार फ्रेम, सर्वांत नवी सर्वांत वर.

प्रोग्राम थांबला की डीबगर आधी बघतो, प्रोसेसर आत्ता कोणत्या सूचनेवर आहे. त्यावरून फंक्शनचे नाव आणि ओळ मिळते. ही शून्य क्रमांकाची फ्रेम. मग 'फ्रेम पॉइंटर' नावाच्या रजिस्टरमध्ये या फ्रेमचा ठिकाणा असतो, तिथे जातो. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी सापडतात, परतीचा पत्ता आणि मागच्या फ्रेमची खूण. पत्त्यावरून बोलावणाऱ्याचे नाव कळते, खुणेवरून त्याची फ्रेम. तिथेही पुन्हा तीच जोडी. असे करत करत मुख्य फंक्शनपर्यंत.

यात एक बारकावा मला फार आवडला. परतीचा पत्ता असतो बोलावण्याच्या पुढच्या सूचनेचा, कारण परतल्यावर तिथून पुढे जायचे असते. म्हणून मागच्या फ्रेमची ओळ शोधताना डीबगर त्या पत्त्यातून एक वजा करतो, नाहीतर भलतीच ओळ दाखवली जाईल. आणि हे सगळे करताना तो प्रोग्राम उलटा चालवत नाही. काहीही पुसत नाही, फक्त वाचतो.

जीडीबी या डीबगरमध्ये 'बीटी' असे टंकले की ही यादी येते. 'अप' म्हटले की बोलावणाऱ्याच्या फ्रेममध्ये जाता येते आणि त्याच्या चलांच्या किमती दिसतात. आपल्या उदाहरणात शून्याव्या फ्रेममध्ये दिसले असते, भाजक शून्य. पहिलीत, विषयसंख्या शून्य. दुसरीत, हजेरी क्रमांक तेवीस. तीन पायऱ्यांत मूल सापडले असते!

आता तक्रारीकडे वळते. आपल्या भागाला अभियांत्रिकी नवीन नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. आणि बारावीच्या संगणकशास्त्रात आपल्या बोर्डाने वर्षानुवर्षे काय शिकवले? पहिल्या पेपरात डेटा स्ट्रक्चर, त्यात स्टॅक. शेवटी ठेवलेले आधी काढायचे. त्याच पेपरात सी++ आणि त्यातली फंक्शने. दुसऱ्या पेपरात इंटेलचा ८०८५ प्रोसेसर. त्यात 'कॉल' ही तीन बाइटची सूचना दोन बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते आणि 'रेट' तो काढून घेते. म्हणजे सगळा मसाला ताटात होता! पण या तिन्ही गोष्टी एकच आहेत, हे सांगणारा माणूस मला विचारलेल्या एकाही मुलाला भेटलेला नाही. तीन धडे, तीन प्रश्न, मार्क घ्या आणि पुढे चला.

पुढे महाविद्यालयात टर्बो सी आले, निळा पडदा. १९८७ साली निघालेले हे साधन आपल्याकडे दोन दशकांहून अधिक काळ चालले. कंट्रोल एफ-९ दाबून चालवायचे, आल्ट एफ-५ दाबून उत्तर बघायचे. या दोन कळा मुलांच्या बोटांत भिनलेल्या. पण त्याच पडद्यावर कंट्रोल एफ-३ दाबले की कॉल स्टॅक उघडत असे. तो किती जणांनी दाबला, विचारून बघा.

"पण संगणकानेच ती खूण ठेवणे सोडले होते," असे जाणकार म्हणतील. खरे आहे, आणि तोही किस्सा ऐकण्यासारखा आहे. इंटेलच्या ३२-बिटी प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण रजिस्टरे आठच. त्यातले एक फ्रेम पॉइंटरला अडकवून का ठेवायचे, असा हिशेब करून कंपायलरवाल्यांनी काटकसर सुरू केली. २०११ च्या जीसीसी ४.६ पासून लिनक्सवर ३२-बिटी प्रोग्राम वेगासाठी घडवताना ही खूण गाळणे हाच शिरस्ता झाला. ६४-बिटीत रजिस्टरे सोळा झाली, तरी काटकसर सुटली नाही. खुणेऐवजी वेगळे तक्ते ठेवायचे. प्रोग्राम अमुक सूचनेवर असेल तर परतीचा पत्ता अमुक अंतरावर बघा, अशा तऱ्हेचे. थांबलेल्या प्रोग्रामपुढे निवांत बसलेल्या डीबगरला ते पुरतात. पण चालत्या प्रोग्रामचा वेळ कुठे जातो हे सेकंदाला शेकडो वेळा डोकावून पाहणाऱ्या साधनांना दर वेळी तक्ते चाळणे जड जाते. शेवटी काय झाले? फेडोरा ३८ ने २०२३ मध्ये आणि उबुंटू २४.०४ ने २०२४ मध्ये ती खूण आपल्या पॅकेजांत परत आणली. बहुतेक कामांत शेकडा एक-दोन टक्के वेग जातो, काही ठिकाणी जास्त. तरीही आणली. आम्ही गणितात 'रीत दाखवा, रीतीला मार्क आहेत' म्हणून घसा कोरडा करायचो, तेच शहाणपण मोठमोठ्या लोकांना एवढ्या वर्षांनी सुचले.

आता विरुद्ध बाजूही मांडते. नाहीतर म्हणाल, बाई एकांगी आहे. स्टॅक सर्वज्ञ नाही. जे फंक्शन येऊन काम बिघडवून निघून गेले, त्याची फ्रेम उरत नाही. यादीत फक्त अजून थांबलेलेच दिसतात. शिवाय लांबी न तपासता मजकूर घेतला आणि तो जागेबाहेर सांडला, तर परतीचे पत्तेच पुसले जातात. मग डीबगर बिचारा नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दाखवतो. 'गेट्स' नावाच्या फंक्शनचा हाच दोष, म्हणून २०११ च्या सी भाषेच्या प्रमाणातून ते काढून टाकले. तेव्हा जागोजागी छापून बघण्याची मुलांची पद्धतही टाकाऊ नाही. पण ती आधी आणि यादी कधीच नाही, हे उलटे आहे.

आणि पुतण्याचा हुकमी एक्का, "आता कोड एआय लिहितो, चूक त्यालाच विचारायची." विचार की! पण तोही चांगले उत्तर देतो ते तू ती यादी त्याच्यापुढे ठेवतोस तेव्हा. आणि त्याने भागाकाराच्या ओळीलाच टाळे ठोकले, तर ते ओळखायचे कोणी? त्या तेविसाव्या मुलाने?

माझी मागणी लहान आहे. एक तास द्या, फक्त एक. मुलांना प्रोग्राम लिहायला सांगू नका. कोसळलेला प्रोग्राम आणि त्याची उलगडलेली यादी हातात द्या आणि विचारा, चूक कितव्या फ्रेममध्ये आहे आणि कशावरून? परीक्षेत पाच मार्कांना हाच प्रश्न टाका. मार्क 'कशावरून'ला. आम्ही वाक्यपृथक्करण शिकवताना हेच करायचो. गौण वाक्य कितीही लांबले तरी ते कोणत्या मुख्य वाक्याच्या आधाराने आले, ते आधी सांग. मराठीच्या तासाला जमत होते, ते संगणकाच्या तासाला का जमू नये?

असो. ज्यांना पटले नाही त्यांनी अवश्य भांडावे. फक्त 'कशावरून' ते लिहावे.