निबंधातला पाऊस नेमका कुणाचा?

आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत याही वर्षी ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय दिला गेला आणि याही वर्षी बहुतेक मुलांचा आवडता ऋतू पावसाळाच निघाला. मोर नाचले, डोंगर हिरवेगार झाले, बेडकांनी डराव डराव केलं, आईने गरमागरम भजी तळली. आपण राहतो तिथे मोर नाही आणि डोंगर तर औषधालाही नाही. हे लिहिणाऱ्यांपैकी एका मुलाला खरा आवडतो हिवाळा, कारण रात्रीतून बर्फ साचला की पहाटे शाळेचा निरोप येतो आणि सुट्टी मिळते. हे त्याने मला इंग्रजीत सांगितलं. मराठीत मात्र मोर नाचवला.

माझी तक्रार मुलांबद्दल नाही, विषयांबद्दल आहे. ‘माझा आवडता ऋतू’, ‘गावची जत्रा’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयांची उत्तरं मुलाच्या डोळ्यांत नसतात, ती आईबाबांच्या आठवणीत असतात. मूल घरी विचारतं, आई सांगते, मूल उतरवून आणतं. आपण त्यावर ‘छान’ लिहितो. मराठी ही खोटं लिहिण्याची भाषा आहे, एवढंच त्यातून त्याच्या मनावर ठसतं.

कुणी म्हणेल, परदेशात असंच होणार. पण माझं गाव आसेगाव. वऱ्हाडात या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. मी म्हणते ते वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातलं. तिथेही आम्ही हाच निबंध लिहायचो, याच मोरासकट. पहिल्या पावसात नवी छत्री घेऊन शाळेत जाण्याचं वर्णन तर हटकून असायचं. वास्तविक उन्हापायी विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस भरतात. आमचा उन्हाळा वेगळा आहे हे सरकारी परिपत्रकाला पटलंय, निबंधाला अजून पटलेलं नाही.

आसेगावात पाऊस म्हणजे आधी पेरणी. मिरगाच्या भरवशावर सोयाबीन पेरलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचं संकट. झड लागली की डवरणी राहते आणि वावरात तण माजतं. त्याच पावसाने ऑक्टोबरात सोंगून ठेवलेली सुडी गाठली की शेंगा काळ्या पडतात. जूनमध्ये ज्याची वाट पाहून डोळे शिणतात, त्यालाच दसऱ्याच्या सुमाराला त्याच घरात शिव्या पडतात. अशा घरातल्या पोराला ‘तुझा आवडता ऋतू कोणता’ विचारणं म्हणजे त्याला काहीच न विचारणं.

त्याच पोराला ‘आपल्या सोयाबीनचं मॉइश्चर किती निघालं?’ असं विचारून पाहा. बापासोबत तो बाजारात गेलेला असतो. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले जातात, ते यंत्रात टाकतात, काचेवर आकडा उमटतो आणि त्या आकड्याकडे दोन माणसं दोन तऱ्हेने बघतात. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांची मर्यादा असते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण काचेवर पंधरा उमटले तर त्या भावाचा उपयोग काय? मग दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर दाणे पसरायचे, आणि आभाळ भरून आलं की शाळेतून आलेल्या पोरांनीच ते गोळा करायचे. यात ऋतू आहे, गाव आहे, गणितसुद्धा आहे. मोर नाही.

चांगल्या विषयाची माझी कसोटी साधी आहे: पाहिल्याशिवाय किंवा कुणाला विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देता येऊ नये. आम्हाला हे शाळेने नाही, भुलाबाईच्या खेळाने शिकवलं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. डबा उघडायचा नाही, कानाशी धरून हलवायचा. खुळखुळलं तर फुटाणे नाहीतर शेंगदाणे. आवाजच नाही तर शिरा असेल, वड्या असतील. त्या घरची मुलगी ‘नाही’ म्हणताना हसली, तर तिच्या हसण्यावरूनही अंदाज बांधायचा. नेमका प्रश्न आणि त्यासाठी कान टवकारलेली वीस पोरं! निबंधाच्या तासाला हे कधी दिसलं नाही.

यात मी नवं काहीच सांगत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोजच्या रोज. शंभर मैलांवरचा विषय रोज कुठून आणणार? समोरच्या मुलांबद्दल, आजच्या दिवसाबद्दलच लिहावं लागतं. गंमत अशी की त्याच सुमाराला फ्रान्सच्या दक्षिणेत, बार-स्युर-लू नावाच्या डोंगरी खेड्यात, सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात लहानसं छपाईयंत्र आणलं होतं. मुलं स्वतःच्या गावाबद्दल लिहीत, खिळे जुळवत, छापत, आणि ती पानं ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगुंक गावातल्या शाळेला पाठवत. तिकडून समुद्राकाठची पानं येत. दुसऱ्या टोकाला वाचणारं कुणीतरी खरोखर असलं, आणि त्याला तुमच्या गावातलं काही ठाऊक नसलं, की मोर नाचवून भागत नाही.

आता आपल्या पालकांचा आक्षेप. मागच्या बैठकीत तो जरा चढ्या आवाजात आला, म्हणून इथेच उत्तर देते. “रोजचंच लिहायचं तर संस्कृती कधी शिकणार?” उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांना भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे, सण, इतिहास, थोर पुरुष त्यात आहेत आणि असावेत. मी बोलते ते लेखनाबद्दल. ‘गणेशोत्सव’ हा विषय दिला की दहा ओळी मोदकांवर येतात. ‘आपल्या मंडळाचा गणपती शनिवारीच का येतो?’ असं विचारा. हॉलचं भाडं, आईबाबांच्या सुट्ट्या, शाळेच्या जिमखान्यातून परत उचलायच्या सतरंज्या, सगळं बाहेर पडेल. आणि मग चतुर्थी म्हणजे काय हे मूल आपणहून विचारेल. ‘आजीला फोन करायची वेळ नोव्हेंबरात एका तासाने का सरकते?’ हाही ऋतूवरचाच निबंध आहे, आणि त्यासाठी आजीला फोन करावाच लागतो.

दुसरा आक्षेप शब्दांचा. मुलांकडे मराठी शब्द नाहीत, ती ‘स्नो शॉव्हेल केला’ लिहितील. लिहू देत, देवनागरीत. बाजारात उभा असलेला आसेगावचा शेतकरी मॉइश्चरच म्हणतो, त्याने त्याचं मराठी पातळ होत नाही. क्रियापद आणि प्रत्यय सांभाळा, नामांची चिंता दहाव्या इयत्तेनंतर करू.

माझ्या म्हणण्यात एक धोका मात्र आहे आणि तो कुणी दाखवला नाही याचं मला नवल वाटलं. खरं लिहायला सांगितलं की खरं येतं. वाशिम हा २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज दिलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. तिथल्या मुलाला ‘यंदा घरात काय कमी पडलं’ असा विषय देणं शिक्षकाला शोभत नाही. देशांतर करून आलेल्या, बापाची नोकरी गेलेल्या इकडच्या मुलालाही नाही. यंत्रावरचा आकडा विचारावा, सावकाराचा विचारू नये. मुलाने पान कोरं ठेवलं तर तेही चालावं, आणि लिहिलेलं कुणी वाचायचं हे त्यानेच ठरवावं. मंडळाच्या अंकात छापायचं तर त्याची परवानगी आधी, आईबाबांची नंतर.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. आपल्या शाळेची आणि आसेगावच्या मुलांची पानं महिन्यातून एकदा अदलाबदल व्हावीत. विषय दोन्हीकडे एकच, लहानसा: या आठवड्यात घरात कशाची वाट पाहिली जात होती? दारातून दिसणारं कोणतं झाड आधी बदललं? सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं आणि का? पानं हातानेच लिहायची, मोबाइलवर फोटो काढून पाठवायची. तिकडचं अक्षर आपल्या मुलांना पटकन लागणार नाही. पालकांनी वाचून दाखवू नये, अडखळू द्यावं. शुद्धलेखन तपासायचं ते आपापल्या मुलांचं, तिकडच्यांचं नाही. सुरुवात सप्टेंबरपासून करू या. ऑक्टोबरात तिकडे सोंगणी असते, पोरंही वावरात असतात. त्या महिन्यात पानं उशिरा आली तर स्मरणपत्रं पाठवू नयेत.