उच्चारावरून नागरिकत्व?

बेकायदा राहणारे बांगलादेशी हुडकून काढण्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी.च्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन तयार होत असल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०२६ मध्ये सांगितले. बोलण्याची ढब व उच्चार यांवरून हे यंत्र संशयित निवडणार. त्याचे यश त्या वेळी ६० टक्के असल्याचेही सांगण्यात आले. ते पुढे वाढेलही; परंतु बोलीवरून माणसाचे नागरिकत्व ठरू शकते काय, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

भंडारा जिल्ह्याने हा प्रश्न दूरच्या मुंबईचा समजू नये. शहापूरच्या मुलखात झाडीबोली बोलली जाते. तीत 'ण'च्या जागी 'न' येतो. प्रमाण मराठीवर पोसलेल्या यंत्राने येथील मजुराला पुण्यात परका ठरविले, तर नवल नाही. १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्यांची बांगला यंत्र कोणत्या देशाची ठरविणार? ती भाषा मुर्शिदाबादची आहे, तशीच सीमेपलीकडील राजशाहीचीही आहे.

यंत्र केवळ प्राथमिक चाळणी करील, निर्णय अधिकारीच घेतील, असे सांगितले जाईल. परंतु आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने संबंधित व्यक्तीवरच टाकला होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला त्या चाळणीत अडकणे हीच शिक्षा होय. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार लोटण्यात आले व ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर परत आणावे लागले. तेथे निदान संशय घेणारी माणसे होती. त्यांना जाब विचारता येतो. यंत्राला तो कोण विचारणार?

बेकायदा प्रवेश रोखण्याचा शासनाचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणून यंत्राचा कौल पुरावा मानला जाऊ नये. संशयाचे कारण लेखी द्यावे. वकिलाचे साहाय्य मिळावे. निर्णयाखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही सीमेपार धाडू नये. एवढी हमी देता येत नसेल, तर शासनाने हे साधन वापरात आणूच नये.