हद्द कोणाची?

मराठीत ‘हद्द झाली’ असा एक उद्गार आहे. सहनशक्तीची सीमा ओलांडली गेली की तो आपोआप तोंडून निघतो. पोलीस ठाण्यात मात्र ‘हद्द’ हे एक उत्तर आहे, आणि ते बहुधा नकाराचे असते. ‘ही आमची हद्द नव्हे’ एवढे म्हटले की ठाण्यावरील कर्तव्य संपते आणि तक्रारदाराची वणवण सुरू होते. या एका वाक्याने आपल्या भोपाळमध्ये काय घडवले, ते विस्मरणात जाऊ लागले आहे, म्हणून आम्ही ते येथे पुन्हा मांडीत आहोत.

३१ ऑक्टोबर २०१७ ची संध्याकाळ. एकोणीस वर्षांची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी सातच्या सुमारास एम. पी. नगर भागातील शिकवणी आटोपून हबीबगंज स्थानकाकडे पायी निघाली होती. रुळांलगत तिला अडवण्यात आले. चौघांनी कित्येक तास तिच्यावर अत्याचार केले. रेल्वे सुरक्षा दलाची चौकी तेथून दूर नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आईवडिलांसह तक्रार नोंदवण्यास गेली, तेव्हा एम. पी. नगर ठाण्याने हबीबगंज ठाण्याकडे बोट दाखवले आणि हबीबगंज ठाण्याने रेल्वे पोलिसांकडे. ही तर चित्रपटातली गोष्ट वाटते, असा शेराही एका अधिकाऱ्याने मारल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. आरोपी पकडून देण्यातही कुटुंबालाच पुढाकार घ्यावा लागला. गुन्हा नोंदला जाईपर्यंत जवळजवळ एक दिवस उलटला. वैद्यकीय अहवालात प्रथम ‘संमती’चा उल्लेख झाला आणि बोभाटा झाल्यावर तो दुरुस्त करण्यात आला. विशेष म्हणजे हे कुटुंब पोलीस खात्याला परके नव्हते. खात्याच्या चालीरीती जाणणाऱ्यांची ही गत, तर विदिशेहून किंवा होशंगाबादेहून रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीचे काय झाले असते, याची कल्पना सुज्ञ वाचकांनीच करावी.

पुढे जे झाले तेही नमूद केले पाहिजे. ठाणेदार निलंबित झाले, वरिष्ठांच्या बदल्या झाल्या. जलदगती न्यायालयाने २३ डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे घटनेपासून दोन महिन्यांच्या आत, चौघांनाही आमरण जन्मठेप सुनावली. त्या न्यायालयाविषयी आम्हांस आदरच आहे. मनात आणले तर आपली व्यवस्था किती वेगाने चालू शकते, हे त्या निकालाने सिद्ध केले. मग प्रश्न असा उरतो की, ज्या व्यवस्थेला शिक्षा देण्यास दोन महिने पुरले, तिला चार ओळींची फिर्याद लिहून घेण्यास एक दिवस का लागावा?

या प्रश्नाला विधानसभेने उत्तर दिले नाही. ४ डिसेंबर २०१७ रोजी तिने एकमताने विधेयक मंजूर केले ते बारा वर्षे वा त्याहून कमी वयाच्या मुलींवरील बलात्काराला फाशी देण्याचे. त्या तरतुदीच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु हबीबगंजच्या प्रकरणात उणीव शिक्षेची नव्हती. उणीव होती ती दारात आलेल्या मुलीला ‘बस, सांग, आम्ही लिहून घेतो’ असे म्हणणाऱ्या माणसाची. फाशीचा दोर कितीही बळकट केला तरी ती उणीव त्याने भरून निघत नाही.

दोष कोठे आहे, हे समजण्यासाठी खाकी कपड्यांतील भेद समजून घ्यावा लागतो. स्थानकावरील रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे, १९५७ च्या कायद्याने उभारलेले. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांचे रक्षण हे त्याचे काम. परंतु प्रवाशाची चोरी, मारहाण किंवा विनयभंग यांचा गुन्हा नोंदवून तपास करणे हे त्याचे काम नव्हे. ते रेल्वे पोलिसांचे, म्हणजे आपण ज्यांना ‘जीआरपी’ म्हणतो त्यांचे. हे दल राज्य सरकारचे आहे. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की शहर पोलिसांचे राज्य सुरू होते, आणि तेथेही रस्त्याच्या एका बाजूला एक ठाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे. कायद्याच्या पुस्तकात हे सारे सुसंगत आहे. प्रवाशाला मात्र फक्त खाकी दिसते. तो घरून निघतो, बस धरतो, उतरून चालतो, रूळ ओलांडतो आणि गाडीत बसतो. त्याच्या दृष्टीने हा एकच प्रवास असतो. पोलिसांच्या नकाशावर त्याचे चार तुकडे होतात. गुन्हेगाराला हे तुकडे जोडणाऱ्या अंधाऱ्या जागाच सोयीच्या वाटतात, यात नवल नाही.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हद्द ही तपासाची गरज आहे. कोणीतरी जबाबदार असावे म्हणूनच सीमा आखलेल्या असतात. हे आम्हांस मान्य आहे. पण तपास कोणी करावा आणि फिर्याद कोणी लिहावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रवासाचा स्वभाव कायद्याने फार पूर्वीच ओळखला होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १८३ सांगत होते की, प्रवासात घडलेला गुन्हा त्या प्रवासाच्या वाटेवरील कोणत्याही हद्दीच्या न्यायालयात चालवता येईल. हीच तरतूद आता नव्या संहितेतही आहे. न्यायालयाला जी गोष्ट अडचणीची वाटत नाही, ती ठाणे अंमलदाराला का वाटावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता कायदा बदलला आहे, असे म्हटले जाईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात त्याची खबर नोंदवता येते. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती हीच. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि २०१७ साली तरी नियमांची वानवा कोठे होती? १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील बस प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. हे वर्मा आपल्याच सतन्याचे, आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. समितीच्या अहवालानंतर २०१३ साली दंडसंहितेत जे कलम १६६-अ आले, त्याने अशा गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद केली. त्याच वर्षी केंद्राने हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद घेण्याविषयी राज्यांना कळवले, आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. हे सर्व असताना, चार वर्षांनी, भोपाळमध्ये ते घडले. म्हणून कलमाचा क्रमांक बदलला एवढ्यावर समाधान मानण्यास आम्ही तयार नाही. निलंबन ही चौकशीपूर्वीची व्यवस्था आहे. तिला शिक्षा समजण्याची चूक जनतेने करू नये.

दरम्यान शहर पुष्कळ बदलले. भोपाळकर ज्यांना ‘भट-सूअर’ म्हणत ते टेम्पो गेले. मिसरोद ते बैरागढ असा चोवीस किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग २०१३ मध्ये आला आणि २०२४ मध्ये उखडलाही गेला. पुनर्विकास होऊन १५ नोव्हेंबर २०२१ रोजी हबीबगंज स्थानकाचे उद्घाटन झाले आणि ते राणी कमलापती स्थानक झाले. त्याच वर्षी डिसेंबरात शहरास पोलीस आयुक्तालय मिळाले, आणि पहिल्या आयुक्तांचे आडनाव देऊस्कर असल्याचे आपल्या मंडळींनी कौतुकही केले. डिसेंबर २०२५ मध्ये सुभाषनगर ते एम्स अशी मेट्रो धावू लागली. तिच्या वाटेवर एम. पी. नगर आणि राणी कमलापती ही दोन्ही स्थानके लागतात. म्हणजे २०१७ साली ती मुलगी ज्या वाटेने पायी निघाली होती, त्याच वाटेवर आता मेट्रो आहे. आनंदाची गोष्ट आहे. मात्र मेट्रोच्या फलाटावर काही घडले तर कोणाकडे जायचे, जिन्यावर घडले तर कोणाकडे, आणि जिना उतरून रेल्वे स्थानकाकडे जाताना घडले तर कोणाकडे, हे प्रवाशाला डोळ्यांसमोर लिहिलेले दिसले पाहिजे. तसे नसेल तर तीन हद्दींच्या जागी आपण चार केल्या, एवढाच त्याचा अर्थ होईल.

आता थोडे आपल्याविषयी. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातून बदली होऊन आपली कितीतरी कुटुंबे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सने आणखी आणली. आपल्यापैकी बहुतेक घरे सरकारी नोकरीवर उभी राहिली. त्यामुळे ‘फाईल आमच्याकडे नाही’ ही भाषा आपल्या परिचयाची आहे, आणि खोटे कशाला बोला, आपणही ती वापरली आहे. हद्दीचे उत्तर देणारा तो अंमलदार आपल्याहून फार वेगळा नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. हबीबगंजच्या घटनेनंतर आपल्या घरांतून निघालेले तात्पर्य एकच होते: मुलींनी सातच्या आत घरात यावे. आम्ही स्वतः ते बोललो आहोत. पण ती मुलगी निघाली ती सातच्याच सुमारास, शिकवणीहून, सरळ घरी जाण्यासाठी. घड्याळाचा काटा मागे ओढून कोणी सुरक्षित होत नाही. ऑगस्ट २००२ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये एका अल्पवयीन मुलीवर सहप्रवाशांच्या डोळ्यांदेखत अत्याचार झाला. त्या डब्यातल्या प्रवाशांनी ज्या भावनेने मान फिरवली, तीच ‘आपल्याला काय करायचे’ ही भावना ‘लवकर घरी ये’ या उपदेशाच्या मुळाशी आहे. तीही एक हद्दच, आणि ती आपण आपल्या उंबरठ्याशी आखली आहे.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक रेल्वे व मेट्रो स्थानकावर आणि मोठ्या बसथांब्यावर ठळक देवनागरीत फलक असावा: येथे कोणत्याही गणवेशधाऱ्यास सांगा, तो तुमची फिर्याद लिहून घेण्याची व्यवस्था करील. एम. पी. नगर ते राणी कमलापती स्थानक या वाटेवरील दिवे आणि रात्रीची गस्त यांची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर असावी. कोणी ‘हद्द नाही’ म्हणून परत पाठवलेच, तर निलंबनावर न थांबता कायद्यातील तरतुदीप्रमाणे त्याच्यावर खटला भरला जावा.

आणि आपण? आपल्यापैकी पुष्कळ जण निवृत्त आहेत, अर्ज लिहिण्यात मुरलेले आहेत, कोणत्या कार्यालयात कोणता कागद लागतो हे त्यांना पाठ आहे. उद्या एखादी मुलगी, मग तिची भाषा व घर कोणतेही असो, ठाण्याच्या दारातून परतली, तर तिच्याबरोबर पुन्हा त्या दारात जाऊन, फिर्यादीची प्रत हातात पडेपर्यंत तेथे बसून राहण्याचे काम आपण करू शकतो. त्यासाठी ती आपली कोणी लागली पाहिजे असे नाही.