वाकळेच्या तासांची वही

मे महिन्याच्या सुट्टीत मुलीने माझ्या हातात एक वही दिली. गेल्या वर्षीची, निम्मी कोरी राहिलेली. पुठ्ठ्यावर तिनेच लिहिलं होतं, ‘अम्मीचे तास’. “हे काय?” मी विचारलं. ती म्हणाली, “रोज किती वेळ शिवलंस ते लिहायचं. पैसे किती मिळाले ते तू सांगतेस. वेळ किती गेला ते कधीच सांगत नाहीस.”

गेली 22 वर्षं मी मिरजेत वाकळा शिवते. बाहेर गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ, आणि माझी मरहूम अम्मी गोदडी म्हणायची. तिन्ही एकच. इतक्या वर्षांत तास मोजावेत असं मनात आलं नव्हतं. भाजी निवडताना, भाकरी थापताना कोण घड्याळ बघतं? पण मुलीचं मन मोडायला नको म्हणून वही सुईच्या डब्याशेजारी ठेवली.

उन्हाळ्यात काम सुरू होतं, कारण तेव्हाच घराघरांतली कपाटं रिकामी होतात. लोक गाठोडी आणून देतात. यंदा पहिलं गाठोडं आणलं ते पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी. त्यांच्या वडिलांचा इंतकाल होऊन वर्ष झालं होतं. सहा लुंग्या, चार सदरे, एक जुनी सुती चादर. “यातून अब्बांची एक आठवण करून द्या,” एवढंच म्हणाले. मी नेहमीचा दर सांगितला, 1200 रुपये. ते लगेच हो म्हणाले.

आलेला प्रत्येक कपडा मी आधी धुते. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि वाकळेला पोळ्यासारखे फुगे येतात. गडद रंगाच्या कपड्यावर ओला पांढरा फडका घासून बघते. फडक्याला रंग लागला, तर तो कपडा पुन्हा दोन-तीन पाण्यांतून काढायचा. मग शिवणी उसवायच्या, गुंड्या काढायच्या, काखेतला आणि कॉलरचा विरलेला भाग कापून टाकायचा. मास्तरांच्या वडिलांच्या एका सदऱ्याच्या खिशावर शाईचा डाग होता. तो मी कापला नाही.

थर अंथरायचं काम फजरची नमाज झाली की गच्चीवर. ऊन चढलं की फरशी पोळते आणि घामाने सुई निसटते. खाली अस्तर, मध्ये जुने मऊ थर, वर तुकडे जोडलेला पदर. चारी बाजूंनी ताणून, सुरकुती काढून कच्चे टाके घालायचे. एकटीने हे होत नाही. मुलगी एका टोकाला, मी दुसऱ्या. कच्चे टाके नीट पडले तर पुढचे चार महिने सुखाचे जातात.

जूनमध्ये पाऊस लागला आणि मी गच्चीवरून उंबऱ्यात आले. आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. ढगाळ दिवसात सुईचं नाक दिसत नाही. म्हणून मुलगी कॉलेजला जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. दहा सुया संपल्या की माझं त्या दिवसाचं काम संपलं. कधी अकराव्या सुईसाठी शेजारच्या पोराला हाक मारते.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं की सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. घरात कपडा दमट होतो, सुईला गंज धरतो आणि गंजकी सुई कपड्यावर डाग सोडते. म्हणून सुया तेलाच्या बोटाने पुसून ठेवायच्या आणि शिवायला घेताना कोरड्या करायच्या. अर्धी शिवलेली वाकळ घडी करून पेटीत कोंडायची नाही, बुरशी येते. ती आमच्याकडे पलंगावर पसरलेली असते. आमचे हे म्हणतात, “पावसाळ्यात या घरात वाकळेला पलंग आणि माणसाला चटई.”

याच दिवसांत हल्याळला दिलेली माझी खालाची मुलगी आली होती. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तिन्ही घरांतल्या बायका कवंदी शिवतात. ती आपल्या वाकळेची बहीणच. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कपड्याचं त्रिकोणी ‘फूल’ लावतात. फुलाने ऊब वाढत नाही, पण फुलाशिवाय कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात. अमेरिकेतही त्यांच्या कवंदींची प्रदर्शनं भरली आहेत. हे ऐकून मी मास्तरांच्या वाकळेला चार फुलं लावली. वहीत लिहिलं, एक तास.

भादव्यात उजेड परत आला. सप्टेंबरच्या शेवटी मास्तरांची वाकळ पुरी झाली, आणि त्या रात्री मुलगी वही घेऊन बसली.

वाकळ सात फूट लांब, पाच फूट रुंद. दोन ओळींत साधारण एक इंच अंतर. म्हणजे सगळी ओळ उलगडून सरळ धरली तर 420 फूट. इंचाला तीन टाके धरले तर 15,000 टाके. शिवायला 42 तास लागले होते. धुणं, उसवणं, कापणं, अंथरणं, कच्चे टाके आणि फुलं मिळून आणखी 10. एकूण 52 तास. तिने 1200 ला 52 ने भागलं आणि आकडा मोठ्याने वाचला. तासाला 23 रुपये. त्यातून दोऱ्याचे पैसे अजून वजा व्हायचे होते.

आमच्या शेजारची बाई भांगलणीला जाते. तिला सात तासांचे 300 रुपये मिळतात, आणि तेही कमीच आहेत. माझ्या सात तासांचे होत होते 161. मी मुलीला म्हटलं, “अगं, हे घरी बसून होतं.” ती म्हणाली, “घरी बसून केलं तर डोळे कमी दुखतात का?” मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. राग कुणावर काढावा? हा दर कुणी माझ्यावर लादला नव्हता. जुन्या कपड्यांचं काम, त्याचे काय मागायचे, असं मीच 22 वर्षं म्हणत आले होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मास्तर वाकळ न्यायला आले. शाईच्या डागावरून त्यांनी बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, “माझ्या बहिणीलाही अशीच एक हवी आहे.” ठरलेले 1200 घेतले, कारण शब्द दिला होता. पण पुढच्या वाकळेचा दर सांगताना घसा कोरडा पडला. “2600,” मी म्हटलं. ते गप्प झाले. मी वही उघडून पुढे केली. त्यांनी पानं उलटली, तारखा आणि तास वाचले. “बहिणीला विचारून कळवतो,” म्हणाले आणि गेले.

अजून कळवलेलं नाही. दुसरी एक बाई दर ऐकून बाजारातून पानिपतचं ब्लँकेट घेऊन गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते स्वस्त आहे आणि उबदारही आहे. तिसरीने थोडा विचार करून 2600 कबूल केले. ज्यांना इतकं परवडत नाही त्यांच्यासाठी मशीनवर शिवलेल्या वाकळेचा वेगळा, कमी दर ठेवला आहे. तीन विचारणा आणि एक होकार, एवढाच माझा या मोसमाचा हिशेब. पुढच्या वर्षी कामं कमी येतील ही भीती आहेच. पण 2600 ला 52 ने भागलं की तासाला 50 येतात, आणि त्याखाली उतरायला आता मन तयार होत नाही.

वहीवरून घरात एकदा कटुताही आली. ऑगस्टमध्ये नणंदेच्या मुलीला बाळ झालं. त्याच्यासाठी मी जुन्या मलमलच्या ओढण्यांचं दुपटं शिवलं. नणंदबाई आल्या तेव्हा वही उघडीच होती. ‘बाळाचं दुपटं, 9 तास’ हे वाचून त्यांचा चेहरा उतरला. “भाभी, आता आमचेही तास मोजायला लागलीस?” मी पुढचा रकाना दाखवला. तिथे रुपयांच्या जागी लिहिलं होतं, ‘भेट’. म्हटलं, “मोजले, मागितले नाहीत.” चहा होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. जाताना दुपटं पिशवीत घालून फोनवर मुलीला सांगत होत्या, “मामीने नऊ तास बसून शिवलंय, गरम पाण्यात टाकू नकोस.”

तेव्हापासून मी भेटीचे तासही लिहिते. बहिणींनो, तुमच्यापैकी कुणी शिवते, कुणी पापड-लोणची करते, कुणी मुलांच्या शिकवण्या घेते. पैसे घ्या किंवा घेऊ नका, ते ज्याच्या त्याच्या नात्याप्रमाणे ठरेल. पण एक महिना तास लिहून बघा. घरच्यांनाही कळतं आणि आपल्यालाही.

आता ऑक्टोबरचं कडक ऊन आहे. काल घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन गच्चीवर टाकल्या. त्यात अम्मीची गोदडी आहे. कडा विरल्या, एका बाजूला आतले थर दिसतात. अशी गोदडी फेकत नाहीत. तीच मधला थर म्हणून ठेवून वर-खाली नवा कपडा घालायचा आणि पुन्हा शिवायची. वाळत घातल्यावर मी तिच्या ओळी मोजल्या. माझ्या दोन ओळींच्या जागेत तिच्या तीन आहेत. तिने किती तास घातले, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आज सकाळी मुलीने आणि मी ती अंथरली. कच्चे टाके घालून झाले. वहीत नवं पान उघडलं: अम्मीची गोदडी, दोन तास, भेट.

थंडीच्या तोंडावर वाकळेसाठी जुने कपडे कसे निवडावेत, कोणते टाळावेत, ते पुढच्या अंकात लिहीन, इन्शाअल्लाह.