'पार्टनर' म्हणजे भागीदार नव्हे!

शब्दही वर्गीय हितसंबंधांपासून अलिप्त नसतात. 'पार्टनर' या साध्या इंग्रजी शब्दाचेच पाहा. नवउद्योगांच्या कार्यालयांनी गजबजलेल्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये, खाद्यपदार्थांची पिशवी पाठीवर घेऊन रात्री-अपरात्री दुचाकी पळवणाऱ्या तरुणांना स्विगी, झोमॅटो या कंपन्या 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात. भाषांतरकाराला 'वितरण भागीदार' हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो कोशाप्रमाणे बिनचूक, पण वस्तुस्थितीप्रमाणे खोटा आहे.

भागीदार कोण, हे १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाने स्पष्ट केले आहे. धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार हा भागीदारीचा पाया होय. भागीदारांनी परस्परांस खरा हिशेब द्यावा, असेही तो कायदा सांगतो. या तरुणांना कोणता नफा वाटून मिळतो? दर कंपनी ठरवते. काम कोणाला द्यायचे, ते तिची संगणकीय यंत्रणा ठरवते. दुचाकी, पेट्रोल आणि मोबाइलचा खर्च मात्र त्यांचा! अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाची पिळवणूक जमीनदारही करीत असे. तरी खळ्यावरची रास निदान कुळाच्या डोळ्यांसमोर असे. येथे रासच दृष्टिआड आहे.

मग हा शब्द कशासाठी? 'कामगार' म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, कामाचे तास आणि मालकाची जबाबदारी हे प्रश्न उभे राहतात. 'पार्टनर' म्हटले की मालकच नाहीसा होतो! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचा असाच दावा फेटाळून, तिचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत, असा निर्णय दिला. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मात्र 'गिग कामगारा'ला पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेरच ठेवले. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने या कामगारांसाठी कल्याण मंडळ आणि कंपन्यांवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्हच. परंतु कल्याण निधी म्हणजे वेतनाचा हक्क नव्हे.

म्हणून भाषांतरात, पत्रकात आणि सभेत आपण 'कामगार' हाच शब्द वापरला पाहिजे. केवळ शब्द बदलल्याने मजुरी वाढत नाही, हे खरे. पण जो स्वतःला भागीदार समजतो, तो मजुरीची मागणी करणार कोणाकडे?